नऊ इंची वारसा

वडगावात मागांचा खडखडाट ऐकत विहिरीच्या पुढं गेलं की डाव्या हाताला एक काळ्या दगडाचं घर लागतं. नवख्या माणसाला वाटतं, रेल्वेचा पूल कुणीतरी इथं आणून ठेवला आणि नदी आणायची राहून गेली. त्यात नवख्या माणसाची काही चूक नाही. पूर्वी एका कंत्राटदारानं खरोखरच रेल्वेच्या पुलाचं काम घेतलं होतं. पूल झाला, दगड उरले, आणि उरलेल्या दगडांत त्यानं स्वतःसाठी घर उठवलं. गवंडी तेच, त्यांना पुलाशिवाय दुसरं काही बांधता येत नव्हतं. त्यामुळं समोर तीन कमानी, भिंती मालगाडी पेलतील एवढ्या जाड, आणि अंगणातलं पाणी जायला अशी मोरी की तिच्यातून म्हैस निघून जावी. पुढं कंत्राटदाराची मुलंबाळं पांगली आणि घर जांबोटीकडच्या एका शेतकऱ्यानं घेतलं. ते भावकूअण्णांचे वडील.

भावकूअण्णा म्हणजे बसचे रिटायर कंडक्टर. अंगानं चांगले भरलेले, आवाज मागच्या शिटापर्यंत पोचणारा. आयुष्यभर त्यांनी लोकांना आत सरका, आत सरका म्हणून दामटलं, आणि आता स्वतःच्या घरात शिरताना त्यांनाच पोट आत ओढून तिरकं व्हावं लागत होतं. दार काही अरुंद नव्हतं. दोन झडपांचं, दोन माणसं जोडीनं जातील एवढं दार. पण त्यातली एकच झडप अण्णांची होती. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची, भरमूची. दाराच्या बरोबर मध्यापासून नऊ इंची विटांची भिंत सुरू व्हायची ती सोप्यातून, माजघरातून सरळ परसापर्यंत जायची. भाऊ दोन, झडपा दोन, आणि वीसेक वर्षांत शब्द एकही नाही.

हे सगळं कशावरून झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वडील गेल्यावर भरमूच्या डोक्यात आलं की घर जरा नवं दिसावं. त्या काळात जो तो घराच्या तोंडाला दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावत होता. भरमूनं त्याच आणायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, अरे, पण हे दगडाचंच घर आहे. भरमू म्हणाला, असंल, पण टाइल्स चकाकतात. दगडावर दगडाचं सोंग चिकटवायचं की नाही, एवढाच प्रश्न. तिथून गोष्ट वडिलांचा जीव कुणावर जास्त होता इथपर्यंत गेली, पुढं बायकांच्या माहेरापर्यंत गेली, आणि शेवटी चूल वेगळी झाली. सीमाभागात वाढलेली माणसं ही. रेघ कुठून जायला पाहिजे होती यावर लग्नात, मयतीत, जेवणाच्या पंगतीत वाद घालत मोठी झालेली. स्वतःच्या घरात रेघ ओढायची वेळ आली तेव्हा दोघांनाही ती अगदी बिनचूक ओढून दाखवायची होती.

शेत चटकन वाटलं गेलं. घराला मात्र वेळ लागला. दाराच्या मध्यावर खिळा मारून परसापर्यंत दोरी ताणली, दोरी जिथून गेली तिथून वाटणी. भिंतीची निम्मी जाडी ह्याची, निम्मी त्याची. सोप्यात वडिलांचा झोपाळा होता. त्याच्या तुळईतल्या चार कड्यांपैकी दोन इकडं आल्या, दोन तिकडं गेल्या. मग फळी अण्णांनी घेतली आणि पितळी साखळ्या भरमूनं. म्हणजे झोपाळा दोघांनाही मिळाला आणि कुणालाच बसायला मिळाला नाही. पंच म्हणून आलेल्या शहाण्या माणसांनी यावर माना डोलावल्या, चहा घेतला आणि आपापल्या घरी गेले.

बायकांचं एवढं दोरीत बसेना. अण्णांची मनुबाई आणि भरमूची मालुबाई, दोघी एका चुलीपुढं बसून सासूच्या शिव्या खाल्लेल्या. भिंत घालायच्या दिवशी गवंडी जेवायला गेले, सिमेंट ओलं होतं, तेवढ्यात दोघींनी दोन बाजूंनी बसून गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या काही विटा अलगद काढून घेतल्या. ताट सरकवता येईल असा लांबट झरोका झाला. अण्णांना वाटलं, हे भरमूचं काम. भरमूला वाटलं, हे अण्णाचं. विचारायचं तर बोलावं लागणार, म्हणून दोघंही गप्प बसले. त्याच संध्याकाळी मालुबाईनं झरोक्यातून अंबाडीच्या भाजीची वाटी सरकवली. आता, आलेली वाटी आपल्याकडं कुणी रिकामी परत करत नाही. मनुबाईनं दुसऱ्या दिवशी तिच्यात काकवी घालून दिली. मग ती तिकडून तरी रिकामी कशी यायची? असं करता करता एक वाटी इतकी वर्षं ये-जा करत राहिली. मुळात ती कुणाच्या घरातली, हे आता दोघींनाही आठवत नव्हतं.

दोघं भाऊ ते मुकाट्यानं खायचे. जेवताना अण्णा भिंतीकडं बघून म्हणायचे, आज मीठ जास्त झालंय. मनुबाई झरोक्याशी जाऊन तेवढं सांगायची. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर यायचं. यालाच दोघं अबोला म्हणत.

मध्यंतरी भरमूनं एक बिल्डर आणला आणि आपला अर्धा भाग मोजून दाखवला. अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्धा पूल घेऊन हा बिल्डर काय करणार होता देव जाणे. अण्णांनी तिरीमिरीत वारसा जपणाऱ्या समितीकडं अर्ज टाकला की हे घर ऐतिहासिक आहे, याची एक वीटही हलू देऊ नये. रागाच्या भरात त्यांच्या ध्यानात आलं नाही की सगळं घर दगडाचं आहे आणि विटा आहेत त्या फक्त त्या भिंतीत. बिल्डर पुन्हा फिरकला नाही. अण्णा अर्ज विसरून गेले. सरकार काही विसरत नाही, त्याला फक्त उशीर होतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर भरमूच्या छातीत कळ आली. मालुबाईनं झरोक्यातून हाक मारली तसे अण्णा बनियनवरच धावले, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं आणि व्हरांड्यात बसून राहिले. आत मात्र गेले नाहीत. काय म्हणून जायचं? ज्याच्याशी बोलत नाही त्याला बरं वाटतंय का म्हणून कसं विचारायचं? भरमू घरी आला तो निम्मा होऊन. डॉक्टरांनी सांगितलं, बाहेर हिंडायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत, डोक्यात राख घालून घ्यायची नाही.

तेव्हापासून अण्णांना एक वेड लागलं. माग चालू असले की वडगावात भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नाही. पण करंट गेला की सगळे माग एकदम थांबतात, आणि मग भरमूचा खोकला ऐकू यायचा. करंट गेला म्हणून सगळी गल्ली शिव्या घालत असायची आणि अण्णा भिंतीला कान लावून उभे असायचे. खोकला आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. असाच एकदा कान लावून झाल्यावर ते मनुबाईला म्हणाले, "भिंत पाडूया. झोपाळा बांधूया. त्याला जरा वारं तरी लागंल."

मनुबाई उठली. वाटीत शेंगदाण्याची चटणी घातली आणि झरोक्याशी जाऊन बसली. बराच वेळ कुजबुज चालली. परत आली ती पदरानं डोळे पुसतच. म्हणाली, "भाऊजींची खुशी हाय. पयला घाव अण्णानं घालावा म्हंत्यात. मालूनं साखळ्या चिंचेनं घासायला काढल्यात बघा."

ठरल्या दिवशी अण्णांनी आंघोळ केली, घरातला घण उचलला आणि भिंतीसमोर उभे राहिले. पलीकडं भरमू खुर्ची घेऊन बसला असणार, हे त्यांना न बघता कळत होतं. घण खांद्यापर्यंत गेला आणि दारात जीप थांबली.

आलेल्या गृहस्थांचं नाव दीपंकर. निपाणीचे, वारसा समितीचे तज्ज्ञ, चाळिशीतले, बोलायला मऊ. त्यांची आज्जी निपाणीत तंबाखूच्या वखारीत मजूर होती आणि ओळख करून देताना ते पदवीच्या आधी तेच सांगत. अण्णांचा अर्ज इतक्या दिवसांनी त्यांच्या टेबलावर पोचला होता. अण्णांनी घण खाली न ठेवताच त्यांना पुढच्या कमानी दाखवल्या. दीपंकरांनी सभ्यपणे बघितल्या आणि म्हणाले की चांगल्या आहेत, पण अशा कमानी इकडं जिथं रेल्वे तिथं आहेत. मग ते तिरके होऊन आत शिरले आणि त्यांना भिंत दिसली. ते थबकले. भिंतीच्या कडेनं परसापर्यंत गेले, परत आले, दाराच्या झडपेवर हात ठेवला, वर बघून कड्या न्याहाळल्या. शेवटी झरोक्यापुढं गुडघ्यावर बसले. पलीकडून मालुबाईला पाहुण्याची चाहूल लागली होती. तिनं शिऱ्याची वाटी सरकवली. दीपंकरांनी ती दोन्ही हातांत धरली.

"काका," ते म्हणाले, "तो घण खाली ठेवा."

"भिंत आमची हाय. आमीच घातलीया."

"म्हणूनच. राजांच्या किल्ल्यांवर पाट्या आहेत, साहेबांच्या बंगल्यांवर पाट्या आहेत. माझी आज्जी ज्या वखारीत खोकून खोकून म्हातारी झाली, तिच्यावरही मालकाचंच नाव आहे. साध्या माणसांनी स्वतःच्या हातानं केलेल्या इतिहासावर पाटी कुठं बघितलीय तुम्ही? सगळ्या सीमाभागात, घरातल्या घरात आखलेली, दाराची झडपसुद्धा वाटून घेतलेली सीमा ही एवढीच."

अण्णांनी सांगून बघितलं की ही सीमा नव्हे, हा मूर्खपणा आहे. दीपंकर म्हणाले की बराचसा इतिहास तसाच असतो, म्हणून तो जपायचा नाही असं होत नाही. आणि घणाला एक चिठ्ठी बांधून ते गेले, कारण आता घणही आहे तिथंच राहणं गरजेचं होतं.

पुढं रीतसर आदेश आला. भिंत संरक्षित. दाराच्या झडपा संरक्षित, एका माणसानं एकच उघडावी. तुळईतल्या कड्यांना धक्का लावू नये. वाटीची ये-जा चालू ठेवावी. आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही बंधूंमधला अबोला हा या वास्तूच्या महत्त्वाचा मोठा भाग असून तो आहे त्या स्थितीत जतन करावा. अण्णांनी ते वाक्य मनुबाईला वाचून दाखवलं. मनुबाईनं विचारलं, म्हणजे सरकारला आता तुमी भांडायला पायजे? अण्णा म्हणाले, तसंच दिसतंय. मनुबाई म्हणाली, मग इतकी वर्षं फुकटच भांडलात की.

बाहेर पाटी लागली. पाटीवर कुठली भाषा वर घ्यायची यावर गल्लीत दोन दिवस बैठक बसली. शेवटी कुणीच वर नको आणि कुणीच खाली नको म्हणून तिन्ही भाषा एका ओळीत लिहिल्या, त्यामुळं पाटी इतकी लांब झाली की तिचं इंग्रजी शेजाऱ्याच्या गोठ्यावर गेलं. या दगडी घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, एवढाच मजकूर. आणि तो वाचायला माणसं यायला लागली. आधी कॉलेजची, मग संकेश्वरहून टेम्पो भरून, मग कुठकुठली. आज्जी-आजोबा नातवंडांना घेऊन यायचे आणि भिंत दाखवून आपल्या भावांच्या आठवणी काढायचे. सगळे तिरके होऊन आत यायचे, झरोक्यासमोर उभे राहायचे आणि वाटी गेली की हळूच टाळ्या वाजवायचे. मनुबाईनं कधी साधी आमटी दिली तर त्यांची तोंडं उतरायची.

समोरच्या कल्लाप्पाच्या घरात दोन माग होते. त्यानं पुढच्या खोलीत अबोला साडी सेंटर काढलं. शिवाय लोकांना माहिती सांगायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. भांडण टाइल्सवरून झालं होतं हे त्याला फार हलकं वाटायचं, म्हणून तो त्यात एक गुप्त मृत्युपत्र घालायचा. त्याच्यामागं चहाची गाडी आली, भज्याची आली, मोबाईलची कव्हरं विकणारा आला. गल्लीत कुणाला कधी नाही एवढं बरं चाललं होतं, आणि ते सगळं दोन म्हाताऱ्यांच्या न बोलण्यावर.

अण्णांनी आधी मनातल्या मनात म्हटलं, सरकार काय भिंतीला कान लावून बसणार आहे का. सरकार बसलं नाही, पण गल्ली बसली. अण्णा झरोक्याशी जरा वाकले की कुणीतरी दारातून डोकवायचं. एकदा भरमूला तपासायला न्यायला रिक्षा आली होती. अण्णा सहज म्हणून पाटीखाली जाऊन उभे राहिले. भरमूनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी भरमूकडं बघितलं, दोघांचीही तोंडं उघडली, आणि कल्लाप्पा मध्ये आला. त्यानं अण्णांचे पायच धरले. म्हणाला, "अण्णा, पोटावर पाय आणू नगासा. थोरलीचं कॉलेज ह्याच्यावर चाललंय. तुमाला बोलायचं हाय ते मला सांगा, मी पोचवतो." भावाला काय सांगायचं ते कल्लाप्पाकडं कसं द्यायचं? अण्णा मान खाली घालून आत आले. आत येताना तिरकं व्हायचं विसरले आणि कोपर फुटलं.

मग ते दीपंकरांच्या ऑफिसात गेले. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले, आणि इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं विसरून एकच बोलले. "माझा भाऊ मरंल ओ साहेब. आन् मी त्याच्यासंगं बोललेलो नसंन."

दीपंकरांनी आदेशाची फाईल काढून चाळली. मग म्हणाले की नोंद एकदा झाली की ती काढणं त्यांच्या हातात राहत नाही, वर बेंगळूरूला जावं लागतं, आणि वरच्यांना तर हे घर आणखी वरच्या यादीत घालायचं आहे. "आमच्याकडं भांडण जपायचं कलम आहे, काका," ते म्हणाले. "माया जपायचं कलम नाही." बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण ते अण्णांना बसस्टॉपपर्यंत सोडायला आले आणि बस येईपर्यंत उन्हात उभे राहिले.

त्यानंतरच्या रविवारी सोप्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. कल्लाप्पा मृत्युपत्रापर्यंत आला होता. मनुबाई वाटी भरून तयार होती. आणि करंट गेला. सगळ्या वडगावातले माग एका दमात थांबले आणि एवढी शांतता झाली की बाहेर भज्याचं तेल तडतडताना ऐकू यायला लागलं.

अण्णा सवयीनं भिंतीशी गेले आणि कान लावला. खोकला नाही. ते थांबले. तरी नाही. मालुबाई सकाळी बाजाराला गेलेली त्यांनी बघितली होती, ती आली होती की नाही कुणास ठाऊक. त्यांनी कान बदलला. काहीच नाही. आणि मग अण्णांना लोक दिसेनात, पाटी आठवेना, आदेश आठवेना. ते गुडघ्यावर बसले, झरोक्यात तोंड घातलं आणि मागच्या शिटापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात ओरडले, "ए भरम्या! मेलास काय रं?"

कल्लाप्पानं कपाळाला हात लावला. सोप्यातला एकही माणूस हलला नाही. क्षण गेला, दुसरा गेला. मग पलीकडच्या अंधारातून बारीक, चिरका आवाज आला.

"तूच मर की आदी. थोरला हाईस."

आणि लगेच खोकला.

अण्णांनी झरोक्यातून तोंड काढलं. ते तिथंच भिंतीला पाठ लावून बसले. हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण आता गप्प बसलं तर पुन्हा कधी बोलायला मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते ओरडतच राहिले. "आवाज का न्हाई करूलास मगापासनं? सकाळच्या गोळ्या घेतलास काय न्हाईस?"

"घेतलोय. डोळा लागलता जरा. तुझ्या बाचं काय गेलं?"

"माझा बा तुझाबी बा हुता, येड्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या लांबून आल्याचं सार्थक झालं असं संकेश्वरच्या एका बाईनं बोलूनही दाखवलं. तोवर कल्लाप्पा रडकुंडीला येऊन दीपंकरांना फोन लावत होता की साहेब, वारसा फुटला.

दीपंकर तासाभरात आले. सगळी गल्ली अंगणात जमली होती आणि आत तेव्हाही चालूच होतं. वडिलांच्या दुखण्यात कुणी किती जागलं यावर भरमू तावातावानं बोलत होता आणि अण्णा त्याला हळू बोल, दम लागंल, म्हणून शिव्या घालत होते. दीपंकर झरोक्याजवळ उभे राहून ऐकत राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी निर्णय दिला. मूळ वारसा हा भांडणाचा आहे. अबोला म्हणजे भांडण दमल्यावरचा विसावा. भांडण पुन्हा सुरू झालं असेल तर वारसा जास्तच अस्सल झाला. फक्त कुणीही कुणाशी गोड बोलू नये. हे शेवटचं सांगताना ते पाटीकडं बघत होते आणि चष्मा पुसत होते.

त्या दिवसापासून दोघं भाऊ रोज भांडायला लागले. सकाळी चहा झाला की भांडण, दुपारी डोळा लागेपर्यंत भांडण. डॉक्टरांनी राग धरू नका म्हणून सांगितलेल्या भरमूच्या चेहऱ्यावर तजेला आला. कुठं दुखतंय ते तो अण्णांना ठणकावून सांगायचा. रात्री झोप लागली नाही तर तोही अण्णांचाच दोष असायचा. जांबोटीच्या फणसाला यंदा फळं लागली की नाही हे विचारताना अण्णा चोर हा शब्द घालायला विसरले, तर बाहेरून कल्लाप्पा खोकून आठवण करायचा. इतकी वर्षं न बोललेलं सगळं बोलायचं होतं आणि प्रत्येक वाक्याला एक शिवी जोडायची होती. दोघांना शिव्या कमी पडायला लागल्या तेव्हा मनुबाई आणि मालुबाई झरोक्यातून सासूच्या आठवून आठवून पुरवायला लागल्या.

अशाच एका दुपारी भरमू म्हणाला, "साखळ्या घासून ठेवलोय मी. तुझी फळी कुजली असंल एव्हाना."

अण्णांना ते झोंबलं. "सागवानी हाय. कुजती कशी? बघायची हाय काय?"

"दाखीव की."

अण्णांनी माळ्यावरून फळी काढली. धुळीनं माखलेली, पण जशीच्या तशी. बघ म्हणून त्यांनी ती झरोक्यातून पलीकडं सरकवली. फळी सरकत गेली, निम्मी तिकडं गेली आणि थांबली. वीट हलली नव्हती. झरोका होता तेवढाच होता. वर तुळईत दोन कड्या इकडं होत्या, दोन तिकडं. थोड्या वेळानं झरोक्याच्या फटीतून दोन पितळी साखळ्या खुळखुळत अण्णांच्या पायाशी आल्या.

कल्लाप्पा धावत फोनकडं जाईपर्यंत मनुबाई स्टुलावर चढली होती. दीपंकरांनी फोनवर एवढंच विचारलं की झोपाळा वाटणीच्या आधीचा आहे का. आहे म्हटल्यावर ते म्हणाले, मग तो मूळ जागी आला. आता काढायला बंदी.

झोपाळा असा काही झाला की त्याला झोपाळा म्हणायला माणसाला हसू यावं. मध्ये नऊ इंची भिंत, फळी भिंतीच्या आरपार, आणि झरोक्यात फळीला दोन्ही कडांना मोकळी जागा चार बोटांची. अण्णा आपल्या बाजूला बसले. लोक बघत होते, कल्लाप्पानं माहिती सांगणं थांबवलं होतं. साखळी करकरली आणि फळी एकदम जड झाली, पलीकडं जराशी खाली गेली. इतक्या वर्षांनी भरमू शेजारी येऊन बसला होता. अण्णांना तो दिसत नव्हता, पण त्याचं वजन कळत होतं. फार कमी झालं होतं ते.

अण्णांनी भिंतीवर हात ठेवला. मग गोड बोलायला बंदी आहे हे आठवून घसा खाकरला आणि ओरडले, "नीट मागं सरकून बस की रं, पडशील!"

"तू पाय काढ की जमिनीवरचा," भरमू ओरडला. "कसा हालंल त्यो?"

अण्णांनी पाय उचलले. झोपाळा चार बोटं पुढं गेला, भिंतीला लागला, आणि चार बोटं मागं आला.